कावळा कोनी अडवला

— न्हाई ठेवला कोनी इस्वास. एकानंबी न्हाई. तुमी हुता की दहाव्याला, तुमच्या मेव्हन्याच्या शेजारी टोपी घालून बसला हुता, तुमी ऐकलं असंल – मी घाटावर उभी राहून सांगितलं, कावळा अडला न्हाई, कुत्र्यानं अडवलाय, आधी त्या कुत्र्याला धरा – तर समदी माझ्याकडं अशी बघाय लागली जसं काय मीच भुकले. अन् हीच मानसं बरं का, हीच, दोन वर्सामागं वाटी-चमचा घेऊन देवळापुढं रांगंत हुती. दगडाचा गनपती दूध पितो, यावर समद्या पुनतांब्याचा इस्वास. जित्तं कुत्रं कावळा हाकतंय, यावर कोनाचाच न्हाई. बसा. त्या बाजंवर नका, ती म्हातारीची हाय – हुती – इकडं पोत्यावर बसा. अन् ती दोरी खाली ठिवा आधी. कुत्रं दोरीकडं बघतंय.

चा घ्या. – तर तुमी तिसगावच्या बाजूचं. दोनशे पिल्लं आनली कोंबड्यांची, त्यातली तीस-चाळीस कावळ्यांनीच उचलली, अन् घाटावर आमचा टिप्या कावळ्यामागं पळताना बघितला अन् तुमच्या मनात भरला. बरुबर हाय. पन गंमत बघा. तुमाला परगावच्याला दिसलं, कुत्रं कावळं हाकतंय. माझ्या सख्ख्या भावकीला काय दिसलं? सुनेचं पाप. म्हातारीला उपाशी ठिवली, म्हनून तिचा आत्मा सुनंवर रुसलाय, म्हनून कावळा शिवंना. दोन दिवस झालं, गिरनीत गेले की बाया बोलायच्या थांबत्यात. पिठाचा डबा उचलून पाठ फिरवली की परत सुरू. अन् उद्या तेरावा. मच्छिंद्र – माझा धाकटा दीर, साखर कारखान्यात कारकून हाय, श्रीरामपुरात ऱ्हातो – तो म्हनला, गोडाच्या जेवनाला हे कुत्रं दारात दिसलं तर काठीनं डोस्कं फोडीन त्याचं. आमचं मालक लगेच म्हनलं, मग त्या तिसगावच्या पाव्हन्याला देऊन टाकू. मालकांचं असंच. भाऊ मोठ्यानं बोलला की यांचा निर्नय झाला. तर मी काय म्हनते – न्यायचा तर न्या टिप्याला, पैसाबिसा नको मला, पन न्यायच्या आधी तुमच्या डोळ्यांनी नीट बघा अन् मेव्हन्याच्या घरी चार मानसांत सांगा, की बाईचं खरं हाय, कुत्र्याला तसं शिकवलेलंच हाय. गाववाल्याचं कोनी ऐकत न्हाई, पाव्हन्याचं ऐकत्यात. एवढं कराल ना? हां. मग ऐका.

त्या दिशी तुमी मागं हुता, तुमाला समदं दिसलं नसंल. अन् कारखान्याचा चेअरमन बोलाय लागल्यावर तुमी बिडी वढायला गेलता, तेबी बघितलं मी. लपवता कशाला, मलाबी जावं वाटत हुतं. दहाव्याला आलेलं पुढारी म्हंजी – मेलेलं मानूस कधी उठून बसंल अन् म्हनंल, बाबा पुरं कर. आमच्या बनुबाई – माझ्या सासूबाई – त्यांना हा मानूस जल्मात कधी भेटला नव्हता. तरी म्हनला, माऊलीनं मला पाठीवर हात फिरवून आशीर्वाद दिला. म्हातारीला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, तिनं कोनाच्या पाठीवर हात फिरवला देव जानं. तर ते असू द्या. तिकडं गोदावरीच्या कडंला पिंड ठिवला, म्होरं पान वाढलं, जिलेबी ठिवली – म्हातारीला जिलेबी लई आवडायची – अन् बाजूला दान द्यायच्या वस्तू. छत्री, चपला, अन् तिची काठी. समदी मागं सरली. पिंपळावर कावळं हुतंच, धा-बारा. पयला उतरला, दोन उड्या मारल्या त्यानं पिंडाकडं, अन् कुठनं कोन जानं, टिप्या. सुसाट. कावळा गेला वर. टिप्या माघारी फिरला अन् कुठं बसला? काठीपुढं. पुढचं दोन्ही पाय जुळवून, मान वर करून, जसा काय परसाद घ्यायला.

मी तवाच वळखलं. त्याचं काम झालं हुतं अन् तो मजुरी मागत हुता.

पन लोकांना वाटलं, कुत्रं रडतंय. बाया डोळं पुसाय लागल्या. आमची ननंद सुमनबाई म्हनली, बघा गं, मुक्या जनावराला माया हाय – हे माझ्याकडं बघून बरं का – अन् उठली अन् जिलेबीचा एक तुकडा त्याच्या तोंडात घातला. झालं. दुसरा कावळा आला, टिप्या सुटला, परत काठीपुढं, परत सुमनबाईनं जिलेबी. तिसरा आला, तसंच. भाकरीच्या वाळल्या तुकड्यावर राबनारं कुत्रं, त्याला पाकातली जिलेबी मिळाली तर ते पिंपळावरचा कावळा तरी बसू दील का? चौथ्या वक्ताला तर तो कावळा उतरायच्या आधीच झाडाखाली जाऊन भुकत हुता. एका हातानं पदर डोळ्याला अन् दुसऱ्या हातानं कुत्र्याला बक्षीस, अन् वर तोंड करून म्हनायचं, आई, ये गं, का रुसलीस. चेअरमननं तेबी भाषनात घातलं. म्हनला, मुकं जनावरसुद्धा आज हळहळतंय.

– हसू नका. मला तवा हसू आलं न्हाई.

मग सुरू झालं वचन देनं. कावळा शिवंना म्हनल्यावर एकेकजन पिंडापुढं जाऊन हात जोडाय लागला. आमचं मालक म्हनलं, आई, तुझी कपिला गाय इकनार न्हाई. कावळा न्हाई. सुमनबाई म्हनली, माझं-वैनीचं मी मनात धरनार न्हाई. कावळा न्हाई – अन् तिचं तिलाच खरं वाटलं न्हाई तर कावळ्याला कुठनं वाटनार. मच्छिंद्र म्हनला, वरीसश्राद्धाला गावजेवन घालीन. कुत्र्यानं दोन कावळं एकदम उठवलं. ऊन डोस्क्यावर आलं, भटजी घड्याळ बघाय लागलं, त्यांना म्होरल्या गावाला दुसरा दहावा हुता. मच्छिंद्राला घाम फुटला. म्हनला, आई, विहिरीच्या पान्याची पाळी दादाला तीन दिवसाची हाय ती चार दिवसाची करतो. समद्या भावकीपुढं म्हनला. सात वर्सं भांडत हुतो आमी त्या एका दिवसासाठी. अन् तरी कावळा न्हाई म्हनल्यावर तो पार गडबडला अन् वरडला, आई, तुझं डोळ्याचं आप्रेशन करतो.

मेलेल्या बाईला. चार वर्सं म्हातारी वाट बघत हुती त्याची. सीझन संपला की नेतो, सीझन सुरू झाला की सुट्टी न्हाई, असं करत चार सीझन गेलं. अन् आता पिंडापुढं आप्रेशन. कोनीबी हसलं न्हाई. भटजीनं फकस्त खाली बघितलं.

काय म्हनता? मला पयल्या कावळ्यालाच कळलं हुतं तर मी तवाच का न्हाई बोलले? – बोलनारच हुते. पदर सावरत हुते. – बरं, खरं सांगते, तुमी काय आमच्या गावचं न्हाई. तो पान्याची पाळी बोलूस्तवर थांबले मी. सात वर्सं वकील करून जे झालं न्हाई ते एक कुत्रं अर्ध्या तासात करतंय, मी कशाला मधी तोंड घालू? पाळी झाली, आता बोलावं म्हनलं, तेवढ्यात समद्यांची नजर फिरली. समद्यांनी समदं देऊन झालं, राहिलं कोन? थोरली सून. सुमनबाई म्हनली, आता तू माफी माग. म्हन, आई, मी तुला पोटभर घातलं न्हाई, मला माफ कर. मी म्हनलं, का म्हनू? दोन टायमाला ताट वाढलंय मी, बारा वर्सं. म्हनली, मग एवढी वाळली कशी ती? अन् मग मी बोलले ते कुत्र्याचं. उशीर झाला हुता, मान्य हाय मला. लोकांना वाटलं, बाई सुटायला कुत्र्याचं नाव घेती. शेवटी भटजीनं दर्भाचा कावळा केला, टेकवला पिंडाला, अन् उठलं समदं. बनुबाईला गवताच्या कावळ्यावर भागवलं. माझ्यामुळं म्हनं.

आता तुमी कामाचं बघा. हे कुत्रं काय, मारून शिकवलेलं न्हाई, अन् तुमीबी मारायचं न्हाई, आत्ताच सांगते. मारलं की कुत्रं काय शिकतं? तुमचा हात वर गेला की लपायचं, एवढंच. आमच्या साळंत गुरुजी निर्गुडीची फोक घेऊन यायचं. चौथीपोत्तर शिकले मी. बाराचा पाढा मला आजबी येत न्हाई, पन फोक कुठल्या हातात हुती ते पाठ हाय. कुत्र्याचं तसंच. मी पयल्यांदा तेच केलं – कावळा आला की टिप्याला चिपाड मारायची, जा, हाकल म्हनून. तर कावळा दिसला की ते बाजंखाली जाऊन मुतायचं. त्याला वाटायचं, कावळा आला म्हंजी मार आला.

तर तसं न्हाई करायचं. तुकडा घ्यायचा बोटभर, भाकरीचा, चिमूटभर गूळ लावलेला. त्याच्या नाकापुढनं वर न्यायचा, हळू. मान वर गेली की ढुंगान आपोआप खाली टेकतं. टेकलं की त्याच घडीला द्यायचा. मागनं न्हाई. मागनं दिला तर त्याला वाटंल, आपन उठलो म्हनून दिला, मग ते बसायच्या जागी उठायला शिकतं. अन् धा-पंधरा वक्ताच्या वर न्हाई, मग सोडून द्यायचं खेळाय. अन् घरातल्या समद्यांनी एकच करायचं. एकानं बस म्हनायचं अन् दुसऱ्यानं तवाच लाडानं खायला घालायचं, असं केलं की कुत्रं बिघडतं. सुमनबाईला मी काय सांगत हुते मग घाटावर? तेच की.

अन् नुसतं बांधून ठिवू नका. कुत्र्याला डोस्कं असतं. काम न्हाई मिळालं तर तुमच्या चपला खाईल, माती उकरंल. ते मडकं दिसतं का, भोकं पाडलेलं? त्यात तुकडं टाकायचं अन् द्यायचं त्याला लोळवायला. एकेक तुकडा पडतो, दुपार जाती त्याची. नाहीतर कडब्याच्या पेंढीत लपवायचं, हुडक म्हनायचं. नाकानं हुडकून काढतं. म्हातारी म्हनायची, हाताला काम अन् नाकाला वास पायजे, मग जीव उगी ऱ्हातो. – म्हनायची म्हंजी, असंच आपलं, बसल्या बसल्या. मडक्याला तिनंच भोकं पाडली हुती. खिळ्यानं, चाचपून चाचपून. एक दिवस लागला तिला.

थांबा. – हलू नका. कौलावर बघा, आला का? – हां. आता बघा. मी तोंडातनं चकार काढत न्हाई, बघून घ्या, माझा हातबी हलला न्हाई. – गेला. बघितलं? कसा गेला. एक भुंकनं, दोन उड्या, कावळा गारद. आता सांगाल ना मेव्हन्याच्या घरी? डोळ्यांनी बघितलं की न्हाई? – टिप्या, ये. ये इकडं. हे घे. ये बाबा, गूळ हाय. – येतो, येतो. जरा – टिप्या.

तिकडं जातंय ते. बाजंकडं. नुसत्या बाजंपुढं बसलंय बघा, पाय जुळवून. मी इथं तुकडा धरून बसलेय अन् ते तिकडं वर बघतंय. दोन दिवस असंच चाललंय, कावळा हाकतं अन् तिथं जाऊन बसतं. माझ्या हातचं घेत न्हाई असं न्हाई, घेतं, पन आधी तिथं बसतं. चांगली घटकाभर बसतं. मग येतं.

– व्हय. तिनंच शिकवलं. कोन शिकवनार दुसरं? मला कुठं येळ हुता. बसायचं, थांबायचं, बोलवल्यावर यायचं, मडकं, कडबा, कावळा, समदं म्हातारीनंच. मी बघून बघून शिकले. मी शिकवलं असं म्हनले का मघाशी? न्हाई म्हनले. शिकवलेलं हाय म्हनले.

घाटावर न्हाई सांगितलं ते. काय सांगनार? तिच्याच पिंडापुढं उभी राहून म्हनू, की हिनंच आपल्या हातानं आपला कावळा हाकला? लोकांनी जीभ उपटली असती. आता तुमाला सांगते. तुमच्या पिल्लांसाठी सांगते.

आंधळ्या म्हातारीला कावळं हाकायचं कुत्रं कशाला लागलं म्हनता. – आंधळी म्हनूनच लागलं. दिसत असतं तर तिनं खडा मारला असता. उन्हाळ्यात मी वाळवन घालते, कुरडया, सांडगं, मिरच्या, समदं ह्याच अंगनात. अन् मी शेतात. मग राखनार कोन? म्हातारी. बाजंवर बसून काठी आपटायची. तिला कावळा दिसायचा न्हाई, पंखाचा आवाज आला की आपटायची. कावळं हुशार, चार दिवसांत त्यांना कळलं, काठी कुठंबी पडती. गेल्याच्या गेल्या वर्सी मी दुपारी घरी आले तर पायलीभर गव्हाच्या कुरडया, दोन लुगड्यांवर घातलेल्या, समद्या इस्काटल्या हुत्या. समद्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पाटा-वरवंट्याला हात फुटलेलं माझं. अन् ही बाजंवर बसून म्हनती, आलं का कावळं?

बोलले मी. कोन बोललं नसतं? म्हनले, बसून भाकरी खाताय, एवढं चार कावळं राखता येत न्हाईत. मुक्ताबाईनं भिंतीपलीकडनं ऐकलं, तिथनंच गाव उठलंय. अन् त्या दुपारी मी ताट वाढलं न्हाई. एक दुपार. एकच. संध्याकाळी वाढलं की. बारा वर्सांत एक दुपार. कोनी हिशेब मांडायचा तर मांडा.

तिनं काय मांडला न्हाई. दुसऱ्या दिशीपासनं ताटातल्या दीड भाकरीतली अर्धी कनवटीला खोचाय लागली. मला वाटायचं, म्हातारपन, भूक मंदावली. ताट रिकामं दिसायचं ना, मी कशाला कनवट चाचपू. अन् त्या अर्ध्या भाकरीचं तुकडं करून तिनं ह्याला शिकवलं. पंखाचा आवाज आला, की ह्याच्या पाठीला हात लावायची – मारायची न्हाई, नुसता हात – अन् हे उठलं की तुकडा. दोन पावलं गेलं की तुकडा. कावळा उडाला की गूळ लावलेला मोठा. महिन्याभरात कुरडईला चोच लागंना झाली. मी म्हनले, बघा, बोलल्याबिगर होत न्हाई. असं म्हनले मी तिला. ती हसली.

दोन वर्सं अर्धी अर्धी भाकर. वाळनारच.

– काय? काय इचारलं? – तिला एवढा धाक कोनाचा हुता?

चा गार झाला तुमचा. ठिवा कप खाली. न्हाई, दुसरा न्हाई करत. अन् ती दोरी उचला अन् गुंडाळा. कुत्रं मिळायचं न्हाई. न्हाई म्हनले ना. मच्छिंद्राला काठी घेऊन येऊ द्या उद्या, माझ्याकडंबी काठी हाय, म्हातारीची हाय, भटजीनं दानाची नेली न्हाई, मागं ठिवून गेला. तुमच्या पिल्लांना कुत्रं पायजे असंल तर गावात पिलावळ लई हिंडती, एक धरा, भाकर घ्या अन् बसा दोन महिनं त्याच्यापाशी, जमतं कुनालाबी. आंधळ्या बाईला जमलं. उठा आता, मला स्वयंपाक हाय तेराव्याचा.

अन् मेव्हन्याच्या घरी काय सांगू नका. कुत्र्याचं काढूच नका. – न्हाई, सांगा. त्यांनी इचारलं, कावळा कोनी अडवला, तर गावाचं खरं हाय म्हनावं. नाव घेऊन सांगा, थोरली सून बिरली सून न्हाई, नाव घ्या –

केशरबाई.